कादंबरीचा ताळा : पावसाळ्यात वाचलेली काही पुस्तकं

माझं विहिरींच्या पाण्याचे नमुने गोळा करण्याचं काम वर्षातून दोनदाच असतं. एकदा मे महिन्यात, पाऊस लागायच्या आधी, आणि दुसऱ्यांदा पाऊस सरल्यावर. मधले चार महिने प्रयोगशाळा, आकडेमोड आणि वाचन. ‘वाचन’ म्हणजे शोधनिबंध, असा माझ्या मार्गदर्शकांचा समज आहे आणि तो मी मोडत नाही. पण या पावसाळ्यात गासच्या घरी पागोळ्यांच्या आवाजात मी जे वाचलं, त्यात शोधनिबंध थोडे आणि खून, भूकंप, महामारी जास्त.

वाचलेली पुस्तकं अशी: एन. के. जेमिसिन यांची ‘द फिफ्थ सीझन’ ही अद्भुत कादंबरी, एमिली सेंट जॉन मँडेल यांची जग बुडाल्यानंतरची ‘स्टेशन इलेव्हन’, आणि केइगो हिगाशिनो यांची ‘द डिव्होशन ऑफ सस्पेक्ट एक्स’ ही जपानी रहस्यकथा, इंग्रजीतून. मराठीत जयंत नारळीकरांची ‘हिमप्रलय’ ही कथा पुन्हा वाचली. आणि पप्पांच्या कपाटातल्या, पानं पिवळी पडलेल्या बाबूराव अर्नाळकरांच्या चार-पाच कादंबऱ्या. कोणाचंही रहस्य इथे फोडणार नाही, बिनधास्त वाचा.

या सगळ्यांना मी एकच माप लावलंय. ते माप माझ्या कामातून आलंय, म्हणून आधी दोन शब्द त्याबद्दल.

शाळेत गणित सोडवून झालं की बाई ताळा करायला लावायच्या. उत्तर बरोबर आलं का ते उलटं करून बघायचं. मी किनाऱ्यालगतच्या विहिरी खाऱ्या का होतात यावर काम करते, आणि आमच्याकडे ताळा करायला क्लोराइड असतं. समुद्राच्या एका लिटर पाण्यात ते साधारण १९ ग्रॅम असतं, पावसाच्या पाण्यात अगदी थोडं. ते कुजत नाही, वाफेबरोबर उडून जात नाही, मातीलाही फारसं चिकटत नाही. त्यामुळे विहिरीत जेवढं सापडलं, तेवढं कुठून तरी आलेलंच असतं. आत आलेलं वजा बाहेर गेलेलं बरोबर साठलेलं. ताळा जुळला नाही, तर चूक क्लोराइडची नसते. माझी काहीतरी वाट बघायची राहिलेली असते.

कादंबरी वाचतानाही माझी ही खोड जात नाही. खोट्या गोष्टीला माझी अजिबात हरकत नाही. डोंगर हलवणारी माणसं असू देत, एका आठवड्यात रिकामी झालेली पृथ्वी असू दे. पण जे घडलं त्याची किंमत कोणीतरी भरताना दिसली पाहिजे. कोणी भरली, किती भरली आणि ती लेखकाने लिहून ठेवली का, एवढंच मी बघते.

सुरुवात जेमिसिनपासून करते, कारण सगळ्यात चोख हिशोब तिचा आहे आणि तो जादूच्या कादंबरीत असावा याची मला गंमत वाटली. ‘द फिफ्थ सीझन’ २०१५ साली आली. या मालिकेच्या तिन्ही भागांना लागोपाठ तीन वर्षं, २०१६ ते २०१८, ह्यूगो पुरस्कार मिळाला. तिच्या जगातली जमीन सतत हादरत असते. मधूनच असा मोठा उत्पात होतो की राखेने आकाश झाकतं आणि वर्षानुवर्षं हिवाळा राहतो. हाच तो पाचवा ऋतू. काही माणसांच्या अंगात भूकंप थोपवण्याची किंवा घडवण्याची शक्ती असते. आता ही शक्ती येते कुठून? आजूबाजूच्या उष्णतेतून. अशा माणसाने मोठं काही केलं की त्याच्याभोवतीच्या वर्तुळात बर्फ जमतो आणि त्या वर्तुळात जो जिवंत असेल तो गोठून मरतो. म्हणजे जादू फुकट नाही. ऊर्जा एकीकडून काढली की दुसरीकडे तूट पडते, आणि ती तूट शेजाऱ्याच्या नावावर पडते.

हे वाचून माझ्यातली विज्ञानाची विद्यार्थिनी खूश झाली. पण कादंबरी तिथे थांबत नाही, तिचा खरा हिशोब माणसांचा आहे. ज्यांच्या जिवावर ही भूमी शाबूत आहे, त्यांनाच तिथले लोक शिवी देऊन हाक मारतात, लहानपणीच घरातून उचलून नेतात, साखळीत ठेवल्यासारखं वापरतात. प्रत्येकाच्या नावातच त्याचं काम चिकटवलेलं. संकट आलं की वस्तीत कोणाला ठेवायचं आणि कोणाला वेशीबाहेर घालवायचं, ते त्या कामावरून ठरतं. आपल्याकडे हे समजायला परिशिष्ट लागत नाही. गावगाड्यात ज्याच्या कामावाचून अडायचं त्यालाच गावाबाहेर ठेवलेलं होतं.

तक्रार एकच. आकाशात तरंगणारे प्रचंड स्फटिकाचे खांब या पहिल्या भागात येतात, त्यांच्याकडून अफाट शक्ती मिळते, आणि त्याचा जमाखर्च मात्र पुढच्या भागांवर ढकललेला आहे. उधारी मोठी आहे. फक्त हाच भाग वाचून थांबणाऱ्याला ती फसवणूक वाटू शकेल.

‘स्टेशन इलेव्हन’ (२०१४) मला आवडली आणि तिने मला चिडवलंही. एका फ्लूने बहुतेक सगळी माणसं मरतात. वीस वर्षांनी एक फिरती नाटक-संगीत मंडळी घोडे जुंपलेल्या गाड्यांतून वस्तीवस्तीला जाऊन शेक्सपिअर करते. पोट भरणं पुरेसं नाही, माणसाला त्यापलीकडेही काहीतरी लागतं, असं ही कादंबरी शांतपणे सांगते. विमानतळावर अडकलेल्या माणसांनी बंद पडलेले फोन आणि क्रेडिट कार्डं मांडून केलेलं संग्रहालय मी विसरणार नाही. पेट्रोल काही वर्षांनी नासतं, हे तिला माहीत आहे. जग संपल्यावरही गाड्या पळवणारे सिनेमे बघून कंटाळलेल्या माणसाला केवढं बरं वाटतं!

मग चिडचिड कशाची? पाण्याची. ही सगळी मंडळी ह्युरॉन आणि मिशिगन या सरोवरांच्या काठाने फिरतात. उत्तर अमेरिकेतल्या त्या पाच मोठ्या सरोवरांमध्ये जगातल्या पृष्ठभागावरच्या गोड्या पाण्यापैकी सुमारे एक पंचमांश पाणी आहे. म्हणजे नाटकवाल्यांच्या उशाशी गोडा समुद्र आहे. तहानेचा प्रश्न लेखिकेने नकाशावर बोट ठेवतानाच सोडवून टाकला, आणि मग शेक्सपिअरला वेळ मिळाला. दुसरं म्हणजे, नायिकेला प्रलयानंतरचं पहिलं वर्ष आठवत नाही. मनावरचा घाव म्हणून हे पटतं. पण कादंबरीच्या वहीतली नेमकी तीच पानं त्यामुळे गळतात, जिथे खर्च लिहायचा होता.

मी असं म्हणते त्याला कारण आहे. जुलै २०१८ मध्ये वसई-विरार पाण्याखाली गेलं होतं. रेल्वे बंद, नालासोपाऱ्याजवळ अडकलेल्या गाडीतले प्रवासी बाहेर काढावे लागले, मिठागरांतले कामगार पाण्याने वेढले गेले. आमच्या घरी सलग दोन दिवस वीज नव्हती. चहूकडे पाणी आणि प्यायला नाही, कारण इमारतींचे पंप बंद. तेव्हा पप्पांनी माळ्यावरून जुनी कप्पी काढली, पुसली आणि विहिरीवर लावली. थोड्या वेळाने मागच्या कॉलनीतली माणसं बादल्या घेऊन आली. एरवी आमची त्यांची ओळखही नव्हती. एका बाईने विचारलं, ‘दादा, पैसे किती?’ पप्पा म्हणाले, ‘दोर ओढायला एक माणूस द्या, बस.’ जग बुडतं तेव्हा काय होतं याची माझी कल्पना त्या दिवसापासून बदलली. कप्पी कोणाकडे आहे, दोर शाबूत आहे का आणि विहीर अजून गोडी आहे का, एवढ्यावर सगळं येऊन थांबतं. जग बुडाल्यानंतरच्या कादंबऱ्यांत मला बंदुका खूप दिसतात, कप्पी क्वचित.

नारळीकरांची ‘हिमप्रलय’ याच्या बरोबर उलटी आहे. मुंबईत बर्फ पडतो, मुलं आनंदाने नाचतात, आणि ज्या शास्त्रज्ञाने हे आधीच सांगितलं होतं त्याच्याकडे कोणी लक्ष दिलेलं नसतं. समुद्र थंड झाला की हवेत बर्फाचे बारीक कण तयार होऊन राहतात, ते सूर्याचा प्रकाश परतवतात, आणि थंडी आणखी वाढते. ही कल्पना नारळीकरांचे गुरू फ्रेड हॉइल यांनी हिमयुगांबद्दल गंभीरपणे मांडली होती. कथेत भौतिकशास्त्राचा ताळा पानापानाला केलेला आहे. एकाने दुसऱ्याला ढकललं, दुसऱ्याने तिसऱ्याला, असं सगळं ओळीने दिसतं. पदवीच्या विद्यार्थ्यांना चक्रवाढ परिणाम शिकवायला आजही मी हीच कथा सांगेन.

पण माणसांचा रकाना जवळपास कोरा. गोष्ट शास्त्रज्ञ, पत्रकार आणि सरकार यांच्यात फिरते, उपाय अग्निबाणांनी होतो. थंडीत भाजीवालीचं काय झालं, मासळी मिळाली का, हे विचारायला कथेला सवड नाही. शाळेत वाचली तेव्हा हे मला खटकलं नव्हतं. तेव्हा मला त्या शास्त्रज्ञासारखं व्हायचं होतं, ज्याचं म्हणणं शेवटी खरं ठरतं. आता कळतं की आपलं म्हणणं खरं ठरणं हा काही फारसा सुखाचा क्षण नसतो. त्यावर पुढे येते.

आता रहस्यकथा. अर्नाळकर म्हणजे आमच्याच पट्ट्यातले. त्यांचं खरं नाव चंद्रकांत सखाराम चव्हाण, पण अर्नाळ्यावरून घेतलेल्या नावानेच त्यांना महाराष्ट्र ओळखतो. गासहून अर्नाळ्याचा किनारा दूर नाही. हजारावर पुस्तकं त्यांच्या नावावर आहेत. धनंजय आणि छोटू, झुंजार आणि विजया, दुष्टांना लुटून गरिबांना देणारा काळापहाड. पप्पा म्हणतात, त्यांच्या लहानपणी एकच प्रत पाच घरांत फिरायची आणि शेवटचं पान फाटलेलं असलं की भांडण व्हायचं.

आज वाचताना वेग अजून जाणवतो. दार उघडतं, प्रेत दिसतं, पुढच्या पानावर मोटार सुटलेली असते. पण ताळा केला तर जुळत नाही. नेमक्या वेळी नेमका माणूस भेटतो, वेषांतर कोणाला ओळखू येत नाही, आणि गुन्हेगार पुराव्याने कमी, कथेची पानं संपत आली म्हणून जास्त सापडतो. तरीही मी त्यांना हसणार नाही. या पुस्तकांनी लोकांना वाचायला लावलं, आणि ज्यांना प्रत्यक्षात न्याय मिळायला वीस वर्षं लागायची त्यांना तो शंभर पानांत दिला. माझ्या मते अर्नाळकर रहस्य विकत नव्हते, निकाल विकत होते.

हिगाशिनो दुसऱ्या टोकाचा. मूळ जपानी कादंबरी २००५ ची. खून कोणी केला हे वाचकाला सुरुवातीलाच कळतं. शेजारी राहणारा गणिताचा शिक्षक तो लपवायला मदत करतो, आणि त्याचा जुना मित्र, एक भौतिकशास्त्रज्ञ, त्याच्या मागावर येतो. पोलिसांकडचा प्रत्येक पुरावा खरा असतो, प्रत्येक तपासणी बरोबर असते, आणि तरी निष्कर्ष चुकतो, कारण त्यांनी सोडवायला घेतलेला प्रश्नच वेगळा असतो. शेवट वाचून मी पुस्तक मिटलं आणि आमच्या विहिरीचा तक्ता काढून बसले. का, ते सांगते.

हिगाशिनोबद्दल एक आक्षेप मात्र नोंदवते. या कादंबरीतली एक किंमत शेवटीच कळते, आणि ती ज्या माणसाच्या नावावर पडलेली असते त्याची कादंबरी फारशी विचारपूस करत नाही. गणित इतकं सुंदर जुळलंय की लेखक त्याच्याच प्रेमात पडलाय. ताळा जुळणं म्हणजे न्याय होणं नव्हे, ही गोष्ट जेमिसिनला माहीत आहे, हिगाशिनोला ती निसटती कळलीय.

तर विहीर. कप्पीची तीच. गेली काही वर्षं ती मे महिन्यात मचूळ लागते. आजी म्हणायची डाळ शिजत नाही, आणि ते खरंच आहे, जड पाण्यात डाळ लवकर शिजत नाही. पप्पांनी पानवेल कमी केली, केळी ठेवली. दर वर्षी ते मला विचारतात, ‘तू एवढी शिकतेस त्यावर, सांग ना, कोणी केलं हे?’ टँकरवाल्यांनी? ऐंशीच्या दशकाच्या अखेरीस हरित वसईच्या आंदोलनात टँकरच्या पाणीउपशाविरुद्ध लोक उभे राहिले, ते पप्पांनी तरुणपणी पाहिलंय. की नव्या इमारतींनी? की समुद्रानेच?

याचा तपास करायचा एक मार्ग आहे. क्लोराइडचं ब्रोमाइडशी असलेलं प्रमाण बघायचं. समुद्राच्या पाण्यात ते वजनाने साधारण २९० असतं. मिठागरात मीठ जमतं तेव्हा ब्रोमाइड मागच्या पाण्यात राहून जातं, म्हणून स्वयंपाकातल्या मिठात ते फार कमी असतं. त्यामुळे जे मीठ आपल्या पोटातून शोषखड्ड्यात आणि तिथून विहिरीत पोचतं, त्याचं प्रमाण २९० च्या बरंच वर जातं. म्हणजे खारेपणाला बोटांचे ठसे असतात. आणि समुद्र आत येण्याचाही नियम आहे. गोड्या पाण्याची पातळी समुद्राच्या वर एक मीटर असेल, तर खाली सुमारे चाळीस मीटरपर्यंत गोडं पाणी टिकतं. वरचं थोडं कमी झालं की खालचं खूप वर सरकतं.

मला वाटत होतं ठसे मिळाले की गुन्हेगार सापडेल. तक्त्यात जे दिसलं ते मिश्रण आहे. थोडा समुद्र, थोडे शोषखड्डे, आणि पाऊस मुरायला कमी उरलेली जमीन, कारण बावखलं बुजत गेली. आणि उपसा, ज्यात आमची स्वतःची मोटारही आहे. रहाट गेला आणि मोटार आली, तेव्हा आमच्या घरी पेढे वाटले होते. मी ‘समुद्र की माणूस’ असा प्रश्न घेऊन बसले होते. आकडे बरोबर होते, प्रश्न चुकीचा होता.

या पाच लेखकांकडून मला जे हवं होतं ते इथे येऊन स्पष्ट झालं. रहस्यकथा हिशोब लवकर बंद करते, कोणा एकाच्या नावावर सगळं टाकून. जग बुडाल्यानंतरची कथा वही उशिरा उघडते, सगळं संपल्यावर. आमच्याकडे जे चाललंय ते या दोन्हींच्या मधलं आहे. चाळीस वर्षं, रोज थोडं, सगळ्यांच्या हातून. त्यात प्रेत नाही, बर्फ नाही, पानोपानी उत्कंठा तर नाहीच. अशी गोष्ट सांगायची रीत मला या पुस्तकांपैकी फक्त जेमिसिनमध्ये दिसली, आणि तिलाही त्यासाठी जादू लागली. रोज थोडी थोडी पडत जाणारी तूट जादूविना दाखवणारी मराठी कादंबरी मला वाचायची आहे. कोणी लिहीत असेल तर विहिरींचे आकडे मी द्यायला तयार आहे.

गेल्या रविवारी मिस्साहून आल्यावर तो तक्ता मी पप्पांना दाखवला. नारळीकरांच्या शास्त्रज्ञासारखं माझं म्हणणं आता आकड्यांनी खरं ठरलं होतं, आणि ते उच्चारताना माझा घसा कोरडा पडला होता. पप्पांनी बराच वेळ कागद पाहिला. मग म्हणाले, ‘म्हणजे नाव घेता येणार नाही कोणाचं.’ मी म्हटलं, ‘नाही. आपलंही घ्यावं लागेल.’ जमीन विचारायला येणाऱ्या एजंटाचा फोन त्यांनी त्या दिवशी उचलला नाही. पुढे उचलणार नाहीत असं मी म्हणत नाही.

संध्याकाळी ते परत अर्नाळकर घेऊन बसले. मी काही बोलले नाही. ज्या माणसाला नुकताच न संपणारा हिशोब मिळालाय, त्याला शंभर पानांत एक निकाल मिळू दे.

पाऊस सरल्यावर पुन्हा नमुने घ्यायचे आहेत. या वेळी मोटार आठवडाभर बंद ठेवून, कप्पीने पाणी काढून. पप्पाच म्हणाले, बघूया काय फरक पडतो. आकडे आले की इथे लिहीनच. तोपर्यंत तुम्ही या पावसाळ्यात काय वाचलंत आणि त्याचा ताळा जुळला का, ते जरूर कळवा.